पर्जन्यप्रेमींचं मेघालय

३ ऑगस्ट, शनिवार

फेसबुकवरच्या 'ईशान्य भटकंती' ग्रुपवर आज मला टॉप कॉन्ट्रिब्युटरचा बिल्ला मिळाला. नावाखाली बारीक अक्षरात येतो, पण येतो.

शिवडीला ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. दिवसभर ट्रकच्या पावत्या तपासणाऱ्या माणसांना चेरापुंजीचं काय कळणार! मीही पावत्याच तपासतो, पण मनाने तिथे नसतो.

ग्रुपवर मी 'पर्जन्यप्रेमी' आहे. हितेंद्र पालव हे खरं नाव टाकलं असतं तर आमचा अर्धा टॉवर फुकट सल्ला मागायला दारात उभा राहिला असता.

आज ठाण्याच्या एकाने विचारलं, झाडाच्या मुळांचा तो डबल डेकर पूल वयस्कर बाईला जमेल का. लिहिलं : 'लक्षात ठेवा मंडळी, वीस मिनिटांची निवांत उतरण आहे. चपलेतही जमते. निसर्ग दमवत नाही, आपण स्वतःला दमवतो.' शेवटचं वाक्य पूर्णपणे माझं. भरपूर लाइक्स. वीस मिनिटं हा आकडाही मी जबाबदारीने दिलाय. यूट्यूबवरच्या व्हिडिओत एक पोरगा चार मिनिटांत खाली पोचला होता. व्हिडिओ कापलेला असणार, हे धरून मी वीस केली.

एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट असलेली बरी. मी मेघालयला अजून गेलेलो नाही. पण 'मी गेलो होतो' असं एकदाही लिहिलेलं नाही. 'तुम्ही जाल तेव्हा' असंच लिहितो. यात फरक आहे.

४ ऑगस्ट, रविवार

दर्शनाला बिल्ला दाखवला. 'अरे वा' म्हणाली आणि कुकर उघडायला गेली. बायको परळच्या हॉस्पिटलात वॉर्डची इनचार्ज सिस्टर असली की घरात कौतुक असं मोजूनच मिळतं.

खरं म्हणजे मेघालय हे वेड मूळ तिचं. नर्सिंगच्या हॉस्टेलला तिची रूममेट होती सोहराची, इबान नावाची. (सोहरा म्हणजेच चेरापुंजी. हे ग्रुपवर मीच सगळ्यांना सांगितलं.) त्या इबानने हिच्या डोक्यात धबधबे, गुहा आणि झाडाच्या जिवंत मुळांचे पूल भरून ठेवले. लग्न ठरलं तेव्हा हिने एवढंच मागितलं होतं, की हनिमूनला तिकडे जाऊ. तेव्हा आगगाडीचा प्रवास फार लांबचा म्हणून राहिलं. मग अनुजा झाली. मग तिची दहावी. मग बाबांचं आजारपण. मग चाळ पाडली आणि टॉवर होईपर्यंत अँटॉप हिलला भाड्याच्या दोन खोल्या. मग कोरोना. यात माझी चूक कुठे आहे हे मी अगदी निःपक्षपातीपणे शोधून पाहिलं. सापडली नाही.

हल्ली काही वर्षं ती विचारत नाही. म्हणजे तिला माझी बाजू पटलेली आहे.

११ ऑगस्ट, रविवार

संकल्प. याच वर्षी जायचं. दोघांनी. टूरवाल्यांच्या मागे मेंढरासारखं नाही, माझ्या प्लॅनने. दर्शनाला आत्ताच सांगायचं नाही, सरप्राइज.

पूर्वतयारी म्हणून आजपासून लिफ्ट बंद. आपण सतराव्या मजल्यावर राहतो याचा हा पहिलाच फायदा. चौथ्या मजल्यावर जरा टेकलो होतो, तर सेक्रेटरी गंगाधर घाडी दार उघडून बाहेर आले. लिफ्ट बंद आहे का, विचारलं. श्वास लागला असल्याने मी नुसती मान हलवली. तेवढ्यावर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, लिफ्टवाल्याला फोन केला, आणि खाली दोन म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन बसल्या. मी लिफ्टनेच वर आलो.

उद्या विश्रांती. स्नायूंना ती लागते.

१७ ऑगस्ट, शनिवार

नवे ट्रेकिंगचे बूट घेतले. इथे लालबागलाच भारतमाता थिएटरच्या सिग्नलपर्यंत जाऊन आलो. दोन्ही टाचांना फोड. बूट चांगले आहेत, माझी टाच नेमकी त्या मापाची नाही.

प्लॅनवर बसलो. जुलै-ऑगस्टला धबधबे पूर्ण भरात, पण दरडी कोसळतात. सप्टेंबरला हिरवळ उत्तम, पण धुकं. नोव्हेंबरनंतर आकाश स्वच्छ, पण मग धबधब्यांना पाणी कुठे? डिसेंबरात थंडी, आणि आईचा दमा. मार्च कोरडा. योग्य काळ फार थोडा असतो, आणि तो हुकू नये म्हणून घाई करायची नसते. लोकांना हे कळत नाही. उठतात आणि जातात.

२५ ऑगस्ट, रविवार

कडू दिवस. पण शेवट बरा झाला, म्हणून क्रमाने लिहितो.

सकाळी कीर्ती आली. दर्शनाच्याच वॉर्डात सिस्टर आहे, वरळी कोळीवाड्याची. येताना बोंबील घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "भावोजी, तुमचे गणपती झाले की आम्ही बायका-बायका चाललो."

मी म्हटलं, "कुठे? अलिबाग?"

"मेघालय. तिकिटं झाली."

दर्शना सिंकपाशी बोंबील साफ करत होती. मागे वळली नाही. म्हणाली, "तुम्हाला सुट्टी मिळाली नसती."

"निदान विचारायचं तरी."

"विचारून झालं माझं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नळ तेवढा मोठा केला.

तिकीट कुणी काढलं? अनुजाने. माझ्या सख्ख्या मुलीने, बंगळुरूत बसून. आई कॉटवरून ऐकत होती, ती म्हणाली, "तिका जाऊंदे रे. तू काय खंय जावचस नाय, ह्या माका म्हायत आसा." माझं सरप्राइज होतं हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

मग मी मोठ्या मनाने म्हटलं, मार्गदर्शन लागलं तर सांगा. यावर कीर्ती हसली. म्हणाली, "त्याची सोय आहे. पर्जन्यप्रेमी म्हणून एक माणूस आहे फेसबुकवर. आमच्या इंदुमतीबाईंनी त्याची सगळी उत्तरं प्रिंट काढून फाइल केलीय. बाईंची त्याच्यावर फार श्रद्धा."

इंदुमतीबाई खोपकर म्हणजे यांच्या रिटायर्ड मेट्रन. गिरगावात एकट्या राहतात. अख्खं हॉस्पिटल त्यांना घाबरायचं म्हणे. आणि त्या बाई माझ्या शब्दावर चालणार!

 बोंबलाचं कालवण जेवलो. विचार केला तर ही सहल मीच नेतोय. देहाने नाही, एवढंच.

वीस मिनिटांच्या उतरणीबद्दल एकदा दुरुस्ती टाकावी का, असं मनात आलं. पण जाणकाराने दिलेला शब्द फिरवला की लोकांचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती. गल्लीच्या तोंडाशी माणसांची भिंत, दूध आणायला खाली उतरलो तर गर्दीने मला पार चिवडा गल्लीपर्यंत नेऊन सोडलं. चालण्याचा सराव या दिवसांत अशक्य.

दुपारी ग्रुपचे ॲडमिन निमेश यांचा मेसेज. दादरला ग्रुपचं पहिलं स्नेहसंमेलन, सहा ऑक्टोबर. 'पर्जन्यप्रेमी सर, मेघालयावर तुम्हीच बोलायचं. अनुभवाचे बोल. फोटोंसकट.'

नम्रपणे नकार लिहिला. मग तो पाठवण्याआधी वाचून पाहिला, तर फारच नम्र वाटला. पुसला आणि 'येतो' लिहिलं.

फोटोंचा प्रश्न नाही. दर्शना अठ्ठावीसला परत येईल. एकाच घरातले फोटो.

२१ सप्टेंबर, शनिवार

दर्शनाची बॅग. क्रेप बँडेज, कापूस, गोळ्या, सुया, कात्री. मी म्हटलं, सहलीला चाललीयस की ड्युटीवर? ती म्हणाली, "सवय." रेनकोट जांभळ्या रंगाचा घेतलाय. या वयात जांभळा.

मी तिला बसवून मॉसमाईच्या गुहेतले चुनखडीचे खांब कसे तयार होतात ते समजावलं. मॉफ्लांगच्या देवराईतून पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं तेही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आईंच्या संध्याकाळच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत."

२२ सप्टेंबर, रविवार

गेली. खाली टॅक्सीपर्यंत बॅग मीच नेली. कीर्ती आणि इंदुमतीबाई आत बसलेल्या. बाई सत्तरीच्या असतील, पाठ ताठ, मांडीवर ती फाइल, पायात नव्या सँडल. मला म्हणाल्या, "बूट घेणार होते, पण ते म्हणतात चपलेतही जमतं." मी स्मित केलं.

टॅक्सी वळली. दर्शनाने मागे पाहिलं नाही. पाहिलं असेल, मागच्या काचेवर सामान होतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

अर्धा दिवस रजा. भात. आईचं म्हणणं, "मेल्या, भात करपलो." मी म्हटलं, खालचा थर खरपूस झालाय. तिने दूध-पाव खाल्ला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दर्शनाचा फोन. मागे पाऊस धो-धो आणि तिचा श्वास चढलेला.

म्हणाली, "अहो, हे पर्जन्यप्रेमी कोण हो?"

मी म्हटलं, "आहेत एक जाणकार. का?"

"त्यांना निरोप द्या. इंदुमतीबाईंचा घोटा मोडलाय."

पुलाकडे उतरायच्या वाटेवर. पायऱ्या सरळ खोल दरीत जातात, ओल्या, शेवाळलेल्या, आणि संपतच नाहीत. वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, आता पोचलोच असणार. त्यानंतरही कितीतरी वेळ त्या उतरत होत्या. मग सँडल सरकली. दर्शनाने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, आणि गावातल्या दोघांनी त्यांना पाठीवरच्या वेताच्या खुर्चीत बसवून वर आणलं. अर्धाअर्धा तास, आळीपाळीने. बाईंनी एकदाही 'आई गं' केलं नाही. फक्त वर आल्यावर फाइल मागितली आणि ते पान पुन्हा वाचलं.

मी म्हटलं, "व्हिडिओत..." आणि थांबलो.

ती म्हणाली, "'लक्षात ठेवा मंडळी' असं लिहितात ते." मग नुसता पाऊस ऐकू येत होता. मग फोन बंद.

तिने ओळखलेलं नाही. 'लक्षात ठेवा मंडळी' मी घरीही म्हणतो, पण पुष्कळ लोक म्हणतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

शांतपणे विचार केला. शंभर टक्के जबाबदारी माझी येत नाही. मी चपला लिहिलं होतं. त्यांनी सँडल घातल्या.

तरीही सामाजिक भान म्हणून पोस्ट दुरुस्त केली. 'वीस मिनिटं' काढून 'आपापल्या वेगाने' घातलं. खाली 'एडिटेड' असं दिसतं. ही फेसबुकची फार वाईट खोड आहे.

आईने दोनदा विचारलं, "तिचो फोन इलो?" मी म्हटलं, नेटवर्क नसतं तिकडे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

फोन आला. नोहकालिकाईच्या धबधब्यावरून. इंदुमतीबाईंना शिलाँगला प्लास्टर घातलंय, कीर्ती त्यांच्याजवळ थांबलीय. त्यांनीच दर्शनाला हाकललं म्हणे, की माझ्यासाठी थांबशील तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

डावकीच्या नदीचं विचारलं. म्हणाली, गढूळ आहे, चहासारखी. मी ग्रुपवर काचेसारखी लिहिलंय. ती हिवाळ्यात तशी असतेच. महिना लिहायचा राहिला होता, इतकंच.

धबधब्याचं मात्र तिने आपणहून सांगितलं. पोचली तेव्हा समोर सगळं पांढरं. धुकं. फक्त आवाज, खालून येणारा. बाकीचे कंटाळून चहाला गेले. ही कठड्याला धरून उभी. किती वेळ ते तिलाही माहीत नाही. मग ढग एका बाजूने सरकला आणि तो अख्खा समोर आला, वरपासून खालपर्यंत, आणि खाली हिरवंगार पाणी.

मी म्हटलं, "बघ. मी म्हणालोच होतो, धुकं हटतं."

ती म्हणाली, "अहो, मला वाटलं होतं की तो दिसला की तुमची आठवण येईल. इतकी वर्षं वाटायचं, बरोबर असायला हवेत."

"मग?"

"नाही आली. आणि मला बरं वाटलं."

तिकडचं नेटवर्क अतिशय वाईट. मधले शब्द गळतात. 'आली' हा शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला.

२८ सप्टेंबर, शनिवार

आली नाही. म्हणजे विमान आलं, कीर्ती आणि इंदुमतीबाई आल्या, ही तिथेच राहिली. इबान भेटली तिला. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, गावात आईवडिलांचं घर आहे. दोन दिवस तिच्याकडे.

मला विचारलं नाही. कळवलं. तेही अनुजाला. अनुजाने मला कळवलं. वर लिहिलं, 'बाबा, प्लीज तिला फोन करून काही समजावू नका.'

मी काय समजावणार होतो? त्या भागात खासी समाजात घर मुलीकडे जातं, एवढंच सांगायचं होतं.

आईच्या निळ्या डबीतल्या गोळ्या संपल्या. चिठ्ठी सापडेना. शेवटी कीर्तीला फोन केला. ती दोन वाक्यांत गोळीचं नाव सांगून म्हणाली, "आणखी काही, भावोजी?" त्या 'भावोजी'त नेहमीचा गोडवा नव्हता. प्रवासाने थकली असणार.

३० सप्टेंबर, सोमवार

दर्शना आली. काळवंडलीय, गुडघे दुखतायत, आणि चांगली दिसतेय. आल्याआल्या आईच्या पायांना हात लावला, आईने तिचं तोंड कुरवाळलं. 

मी म्हटलं, कसं झालं सगळं?

म्हणाली, "छान." आणि आंघोळीला गेली.

फोटो अनुजाने फॅमिली ग्रुपवर टाकलेत. मी उतरवून घेतले.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्याची तयारी पूर्ण. चाळीस फोटो. शीर्षक : 'ढगांच्या घरी'. दर्शनाचे फोटो वापरतोय हे तिला सांगणार होतो, पण ती ड्युटीवरून दमून आली. उद्या तिला दुपारची ड्युटी आहे असंही म्हणाली. बरंच झालं, मोकळेपणाने बोलता येईल.

६ ऑक्टोबर, रविवार

दादरचा हॉल भरलेला होता. निमेशने माझी ओळख करून दिली, 'ज्यांच्या शब्दांवर आपण डोळे मिटून दऱ्या उतरतो ते.' टाळ्या. चेहरा पहिल्यांदाच लोकांसमोर आल्याने जरा गंभीर ठेवला.

तिसऱ्या स्लाइडला मागचं दार उघडलं. व्हीलचेअरवर इंदुमतीबाई, पाय प्लास्टरमध्ये, मागून कीर्ती ढकलतेय. आणि तिच्यामागे, ड्युटीवर असायला हवी होती ती दर्शना. लोकांनी बाजूला होऊन त्यांना पुढच्या रांगेत जागा दिली. बाईंनी मला पाहिलं, टॅक्सीपाशी भेटलेला माणूस आठवला, मग दर्शनाकडे पाहिलं. दर्शना खाली बघत होती.

मी बोलत राहिलो. कार्यक्रम मोडायचा नसतो.

पुलाकडे उतरायच्या पायऱ्यांचा फोटो आला. त्यात जांभळा रेनकोट दोन हात पसरून उभा. पुढच्या रांगेतून कीर्ती म्हणाली, "तो रेनकोट मी घातलाय. दर्शनाने दिला होता, माझा फाटला म्हणून." लोक हसले. मीही हसलो.

इंदुमतीबाईंनी हात वर केला. शाळेत करतात तसा. म्हणाल्या, "साहेब, एकच विचारते. तुम्ही गेलात तेव्हा पायऱ्या कोरड्या होत्या का?"

आवाजात जराही राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की मी गेलो तेव्हा कोरड्या असतील, म्हणून वीस मिनिटं लागली असतील. त्या मला सोडवायला बघत होत्या.

मी म्हटलं, "पाऊस तिथे कमीजास्त असतोच."

"हो. पण तुम्ही गेलात तेव्हा?"

मी पाणी प्यायलो. निमेशने माइक तपासला. तेवढ्यात दर्शना उठली. पुढे आली नाही, जागेवरूनच म्हणाली, "हे माझे मिस्टर. ते तिकडे कधीही गेलेले नाहीत. फोटो मी काढलेत. बाई, मी तुम्हाला त्या दिवशीच सांगायला हवं होतं, मला लाज वाटली."

मग पंख्याचा आवाज. निमेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलाल का?" आणि ती बोलली. मी रिमोट धरून स्लाइड पुढे सरकवत होतो. ती सांगत होती, कुठली पायरी हलते, कुठे बसायला कट्टा आहे, काठी कुठे मिळते, धुक्यात किती थांबायचं, कुणी अजिबात जाऊ नये. लोक लिहून घेत होते. एकदा मी सुधारणा करायला तोंड उघडलं, तर पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाने ओठांवर बोट ठेवलं.

निघताना बायका टॅक्सीने बाईंना गिरगावला सोडायला गेल्या. मी लॅपटॉप घेऊन दादरहून लालबागपर्यंत चालत आलो.

एकूण कार्यक्रम चांगला झाला. विषय नीट मांडला गेला.

७ ऑक्टोबर, सोमवार

दर्शनाला म्हटलं, चारचौघांत सांगायची गरज होती का?

म्हणाली, "बाई समोर बसल्या होत्या."

मी म्हटलं, मी माफी मागणारच होतो.

"मागा मग. आजही मागता येईल. गिरगाव लांब नाही."

जाणार आहे. पण आत्ता पायाला प्लास्टर असताना गेलो तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. प्लास्टर निघालं की जातो.

ग्रुपवरचा बिल्ला गेला. कुणी काढला ते कळत नाही. निमेशचा मेसेज आला, जरा आशेने उघडला. 'दर्शना मॅडमचा नंबर मिळेल का? पुढच्या पावसाळ्यात आंबोलीला बायकांचा ग्रुप न्यायचं चाललंय.' आंबोली! आमच्या गावाहून तासाभरावर. तिथला धबधबा मला तोंडपाठ आहे, एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिलाय. हे निमेशला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. नंबर दिला.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. आज घरात निवांत. अनुजाचा फोन झाला, आई झोपली. दर्शना बाल्कनीत आपट्याची पानं वेचून टोपलीत टाकत होती. मी चहा केला. दोन कप. साखर बरोबर पडली होती.

शेजारी बसलो. आणि अनेक दिवसांनी, किंबहुना पहिल्यांदाच, मला काही सांगायचं नव्हतं. म्हटलं, "इबानकडे काय केलंस गं दोन दिवस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग कप खाली ठेवला आणि बोलायला लागली. घाईने नाही. इबानच्या घराच्या मागे ओढा आहे. तिथे एक पूल आहे, फोटोत कुठेच नसलेला, लहान, अर्धा झालेला. इबानचे वडील झाडाची मुळं बांबूवरून पलीकडे वळवत आले, तरुण होते तेव्हापासून. आता त्यांना दिसत नाही. तरी रोज सकाळी काठी घेऊन जातात आणि हाताने चाचपून बघतात, कुठलं मूळ किती पुढे गेलं. अजून पलीकडे पोचलेलं नाही. इबान म्हणाली, आमच्यापैकी कुणी त्यावरून जाणार नाही, जे जातील ते अजून जन्मायचेत. वडिलांनी हिचा हात धरून तो त्या मुळावर ठेवला.

"ओलं होतं ते," दर्शना म्हणाली. "आणि कोमट. मला वाटलं, कुणाची तरी नाडी बघतेय. आणि तिथे उभी राहून मला एकदम..."

तिचा आवाज बदलला होता. डोळे भरले होते. लग्नानंतर ती माझ्यासमोर अशी क्वचितच बोललीय, आणि मला सगळं नीट कळावं, तिलाही कळावं, असं फार मनापासून वाटलं. म्हणून मी एवढंच म्हणालो, की ते रबराच्या जातीचं झाड असतं, आणि पूल तयार व्हायला साधारण पंधरा ते तीस वर्षं लागतात.

ती थांबली. टोपलीतलं एक पान उचलून पुन्हा टोपलीत टाकलं.

मी म्हटलं, "हं, बोल ना. तुला एकदम काय?"

म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल."

आणि कप उचलून आत गेली. माझाही घेऊन गेली. त्यात अजून चहा होता.